रुळांलगत : बुलेट ट्रेन परवडते का हो?

मागच्या अंकात जाता जाता मी लिहून गेलो होतो, ‘मुंबई-पुणे बुलेट ट्रेन होणार असेल तर होऊ द्या, पण आधी लोणावळ्यापर्यंत दोन रूळ वाढवा.’ एवढ्याशा वाक्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्यांनी मला सरकारचा भाट ठरवलं, निम्म्यांनी प्रगतीचा वैरी. बायको म्हणाली, ‘चौतीस वर्षं रेल्वेची हमाली केलीत, आता पोस्टाची करा.’ तर ही घ्या.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी मध्य रेल्वेत पी-वेमध्ये होतो. पी-वे म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी सांभाळणारं खातं. त्यातली अकरा वर्षं कर्जत-लोणावळा घाटात काढली. आता धनकवडीत राहतो आणि दर महिन्याला नातवाला भेटायला बोरिवलीला जातो.

प्रश्न : मी बावीस वर्षं चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीला जातोय. 2026च्या अर्थसंकल्पात मुंबई-पुणे हायस्पीड मार्गाची घोषणा झाली आणि ऑफिसात लोक माझंच अभिनंदन करू लागले! आमच्या पासाच्या डब्यात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. एवढ्या पैशात आमच्यासाठी चार गाड्या वाढवता येणार नाहीत का?
— एक पासधारक, चिंचवड

गाड्या वाढवायला पैसा लागतो हे खरं, पण त्याआधी रूळ मोकळा लागतो, आणि तो नाही. पुणे-लोणावळा दोनच रूळ आहेत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यावर तुमची लोकल, तुमची सिंहगड, दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या, सगळे एकामागे एक. लोकल प्रत्येक स्टेशनला थांबते. तिच्यामागे एक्स्प्रेस आली की एक तर लोकल बाजूला घ्या, नाहीतर एक्स्प्रेसला रखडवा. कंट्रोल रूममधला माणूस दिवसभर हेच करत असतो. देहूरोडच्या बाहेर गाडी का उभी राहिली म्हणून तुम्ही सगळे रेल्वेला शिव्या घालता ना, त्याचं उत्तर हे.

आणि लोणावळ्यापुढे घाट.

हा घाट 1863 साली सुरू झाला. चढ 37ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलात की एक फूट वर. कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं येऊन धडकतात, डब्यांना तो ओळखीचा दणका बसतो आणि तेवढ्यात फलाटावरचा वडा खिडकीतून आत येतो. लोकांना वाटतं गाडी वड्यासाठी थांबते. ती थांबते ढकलणारी इंजिनं जोडायला. लोणावळ्याला ती पुन्हा काढायची. उतरताना वेगळीच तऱ्हा. ठरलेल्या जागी गाडी थांबवून ब्रेक बघावा लागतो, आणि काटा आधीपासूनच कॅच सायडिंगकडे लावलेला असतो, म्हणजे डोंगरात वर चढत जाऊन संपणाऱ्या रुळाकडे. गाडी शहाण्यासारखी थांबली तरच काटा मुख्य रुळाकडे फिरतो. ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर जाऊन दमते. (गंमत अशी, की रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी नेहमी ‘अप’. त्यामुळे आमच्याकडे नवा आलेला पोरगा पहिले आठ दिवस ‘अप’ म्हणजे चढ समजून उलट्या रुळावर उभा राहायचा.)

पावसाळ्यात यात भर. मंकी हिलच्या बाजूला रात्री दोन वाजता गस्तीवर असलेला ट्रॅकमन मी पाहिलाय. डोक्यावर घोंगडीची खोळ, एका हातात दिवा, पिशवीत फटाके. रुळावर लावायचे हे फटाके दिवाळीतले नव्हेत. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं, पुढे धोका आहे. तो माणूस चालता चालता थांबायचा आणि डोंगराकडे कान द्यायचा. मी विचारलं, काय ऐकतोस? म्हणाला, ‘पाण्याचा आवाज बदलला की माती सुटलेली असते, साहेब.’ त्या रात्री काही झालं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर टेबलाएवढी दरड आली आणि अप लाइन सहा तास बंद राहिली. तुमची सिंहगड त्या दिवशी निघालीच नसणार.

मुद्दा असा, की तुमचा रूळ भरलाय. भरलेल्या रुळावर वेगवान इंजिन आणून फारसा उपयोग होत नाही. वंदे भारत बघा. ती एकाआड एक डब्याखाली मोटर असल्यामुळे बँकर न लावता घाट चढते, 160च्या वेगाला बनवलेली आहे, पण मुंबई-पुणे अंतराला तिलाही जवळपास डेक्कन क्वीनएवढाच वेळ लागतो. रस्त्यात बैलगाड्या असतील तर मर्सिडीजलाही बैलाचाच वेग.

बुलेट ट्रेनबद्दल बोलताना ही गोष्ट सगळे विसरतात. जपान्यांनी टोकियो-ओसाका शिंकान्सेन बांधली ती काही वेगाच्या हौसेने नव्हे. त्यांचा जुना तोकाइदो मार्ग गच्च भरला होता. देशाच्या रेल्वेच्या लांबीत तो जेमतेम तीन टक्के, पण प्रवासी आणि माल मिळून चौथा हिस्सा त्याच्यावर. रूळ वाढवायचेच होते, मग जलद गाड्यांना पूर्ण वेगळा मार्ग दिला आणि जुना मार्ग लोकल आणि मालगाड्यांना मोकळा केला. हायस्पीड मार्ग परवडतो की नाही हे मी याच फूटपट्टीने मोजतो. जुना रूळ भरलाय का, आणि दोन्ही टोकांना पुरेशी माणसं आहेत का?

मुंबई-पुणे या परीक्षेत पास होतं. महाराष्ट्रात दुसरी कुठलीच जोडी इतकी सहज होत नाही.

पण पासधारक भाऊ, त्या गाडीत तुम्ही नसाल. तिथे तुमचा पास चालण्याची आशा धरू नका. आज मोटारीने किंवा शिवनेरीने जाणारा आणि डेक्कन क्वीनमध्ये एसीत बसणारा माणूस तिकडे जाईल, आणि तुम्हाला कदाचित इकडे बसायला जागा मिळेल. फायदा मिळाला तर असा आडवळणाने. त्याला दहा-पंधरा वर्षं लागतील, तोवर तुम्ही निवृत्त. म्हणून मी म्हणालो, आधी पुणे-लोणावळा तिसरा-चौथा रूळ. त्याला जपानी तंत्र लागत नाही. ते काम करणारी माणसं इथेच आहेत, काही तर माझ्या हाताखाली शिकलेली.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा खर्च एक लाख आठ हजार कोटी असं वाचलं होतं, आता दुप्पट म्हणतात. तो पैसा शाळा आणि दवाखान्यांना दिला असता तर? आणि महाराष्ट्राने त्यात पैसे का घालायचे? मला हिशेब समजेल असा सांगा, राजकारण नको.
— सदाशिव पेठ

बाई, हिशेब सांगतो. राजकारण आपोआप येईल, ते तुम्ही गाळून घ्या.

मार्ग 508 किलोमीटरचा, स्टेशनं 12, त्यांतली चार महाराष्ट्रात : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. पायाभरणी सप्टेंबर 2017मध्ये साबरमतीला झाली. तेव्हाचा अंदाज 1,08,000 कोटी, म्हणजे किलोमीटरला 212 कोटींच्या वर. यातले 81 टक्के जपानचं कर्ज, व्याज 0.1 टक्का, फेड 50 वर्षांत, त्यातली पहिली 15 वर्षं हप्ता नाही. भांडवलात केंद्राचे 10,000 कोटी, महाराष्ट्राचे आणि गुजरातचे प्रत्येकी 5,000 कोटी.

आता तुमच्या वहीत मांडा. 81 टक्के म्हणजे साधारण 88,000 कोटी. सगळं कर्ज उचललं तरी वर्षाचं व्याज 88 कोटी होतं, म्हणजे एवढ्या रकमेवर काहीच नाही. मुद्दल 35 वर्षांत फेडायचं तर वर्षाला अडीच हजार कोटी. म्हणून ‘हा पैसा शाळांना दिला असता’ हे वाक्य पुरतं बरोबर नाही. जपानने हे कर्ज शाळांसाठी दिलंच नसतं. ते त्यांच्या गाड्या आणि त्यांचं तंत्र विकायला दिलंय. दुकानदार हप्त्यावर फ्रिज देतो, त्याच हप्त्यावर तांदूळ देत नाही.

पण याच्यावर खूश होऊ नका, कारण कर्ज येनमध्ये आहे. रुपया घसरला की फेड वाढते, आणि 50 वर्षांत रुपया काय करेल ते माझ्या ज्योतिषालाही विचारायची माझी तयारी नाही. दुसरं, अंदाज आता दोन लाख कोटींच्या जवळ गेलाय. जमीन मिळायला उशीर झाला, खास करून आपल्या बाजूला. मुंबईच्या टोकाला 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. गाडी 2022-23पर्यंत धावायची होती, आता पहिला तुकडा गुजरातेत 2027मध्ये सुरू करायचं ठरलंय. या वाढलेल्या खर्चाचं व्याज किती आणि ते कोण भरणार, हा विचारायचा प्रश्न आहे. सभेत कुणी उभं राहून हा विचारत नाही. सगळे ‘हवी’ की ‘नको’ यावरच हमरीतुमरीवर येतात.

खर्चाचा आकडा फुगतो तो बहुतेक सगळीकडे. पहिल्या शिंकान्सेनचंच घ्या. 1959ला काम सुरू झालं, 1 ऑक्टोबर 1964ला गाडी धावली, आणि खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट. तिथल्या रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांना 1963मध्ये खुर्च्या सोडाव्या लागल्या. सोगोंनी मंजुरी मिळावी म्हणून आकडा मुद्दाम कमी सांगितला, असं आजही म्हणतात. पहिली गाडी टोकियोहून निघाली तेव्हा हे दोघेही फलाटावर नव्हते. आज त्यांचं नाव आदराने घेतात. मला या गोष्टीचं नेहमी वाईट वाटतं आणि थोडी भीतीही वाटते, कारण ती ऐकून प्रत्येक अधिकारी स्वतःला सोगो समजू लागतो. कॅलिफोर्नियात 2008ला लोकांनी मतदान करून हायस्पीडला रोखे मंजूर केले, तेव्हाचा अंदाज 33 अब्ज डॉलर. आता तो 100 अब्जांच्या वर आहे आणि गाडी अजून धावत नाही. इंग्लंडमध्ये 2023ला पंतप्रधान सुनक यांनी त्यांच्या हायस्पीड मार्गाचा बर्मिंगहॅमपासून मँचेस्टरपर्यंतचा तुकडाच रद्द केला. सोगो एखादाच होतो.

महाराष्ट्राने पैसे का घालायचे? बारातली चार स्टेशनं आणि पैसे बरोबरीने, हा सौदा मला तेव्हाही महाग वाटला होता. पण आता खांब उभे राहिलेत, बोगदा खणला जातोय. अर्धवट सोडलेला बोगदा हा जगातला सगळ्यात महाग बोगदा. तो पुरा करा. आणि पुढच्या वेळी वाटाघाटीला रेल्वेचं वेळापत्रक वाचता येणारा एखादा माणूस पाठवा.

प्रश्न : आम्ही दोघं हिंजवडीत नोकरी करतो. बुलेट ट्रेनचं पुण्यातलं स्टेशन शहराबाहेर काढलं तर जमीन स्वस्त मिळेल आणि प्रकल्प परवडेल, असं आमच्या ग्रुपमध्ये चाललं होतं. बरोबर ना?
— वाकड

चूक. परवडेल त्याला, जो बांधतोय. जो बसणार त्याला नाही.

मी एकदा वहीत माझा बोरिवलीचा प्रवास घड्याळ लावून लिहिला. पहाटे 6.10ला धनकवडीतून रिक्षा. 6.40ला पुणे स्टेशन. 7.15ला डेक्कन क्वीन सुटली. 10.05ला दादर. पूल ओलांडून पश्चिमेच्या फलाटावर गेलो, एक लोकल सोडली (त्यात मी शिरलो असतो पण माझी पिशवी बाहेर राहिली असती), 11ला बोरिवली, रिक्षा, 11.25ला नातू. एकूण सव्वापाच तास. त्यात डेक्कन क्वीन दोन तास पन्नास मिनिटं, बाकीचे दोन तास पंचवीस मिनिटं दोन शहरांच्या आत गेले.

आता समजा बुलेट ट्रेनने पाऊण तासात नेलं. माझा प्रवास तीन तास दहा मिनिटांचा झाला. उत्तम. पण स्टेशन शहराबाहेर नेलं आणि मला तिथे पोचायलाच आणखी पाऊण तास लागला, तर एवढा खर्च करून वाचवलेल्या दोन तासांतली पंचेचाळीस मिनिटं मी रिंगरोडवर परत देऊन आलो. तैवानच्या हायस्पीड रेल्वेने हे अनुभवलंय. 2007ला ती सुरू झाली, पण ताइनानसारख्या शहरांत स्टेशन गावापासून लांब. प्रवासी अंदाजापेक्षा कमी आले, कर्जाचा बोजा झेपेना आणि 2009ला तिथल्या सरकारला कंपनी हातात घ्यावी लागली. स्टेशन लांब असणं हे एकच कारण नव्हतं, पण ते कारण होतं. पुढे शहरं स्टेशनांकडे वाढली आणि गाडी चालू लागली, हेही सांगायला हवं.

पुण्यात मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिथे एकमेकींना भेटतात त्या सिव्हिल कोर्टापासून चालत जाता येईल असं स्टेशन हवं. जमीन महाग पडेल, बोगदा खोल जाईल. जाऊ द्या. बाहेर काढणार असाल तर मी डेक्कन क्वीन सोडणार नाही.

आणि एक जाता जाता, कारण तुमच्या पत्रात ‘घाटाच्या चढामुळे बुलेट ट्रेन शक्यच नाही’ असंही कुणीतरी म्हटल्याचं आहे. पॅरिस-लिऑन मार्गावर फ्रेंचांची टीजीव्ही 1981पासून धावते, आणि त्या मार्गावरचे काही चढ आपल्या बोरघाटाहून तीव्र आहेत! अशा गाडीला चढ झेपतो, वळण झेपत नाही. 320च्या वेगाला वळणाची त्रिज्या काही हजार मीटर लागते. आमच्या घाटात रूळ सापासारखे वळतात, कारण 1863मधल्या माणसांना डोंगर चुकवत जायचं होतं. नव्या गाडीला डोंगरातून सरळ जावं लागेल. म्हणजे सह्याद्रीच्या पोटात, काळ्या बेसाल्टमध्ये बोगदे. पैसा तिथे जाणार.

प्रश्न : आमची शेती मंचरजवळ आहे. पुणे-नाशिक रेल्वेसाठी मोजणी झाली, दगड रोवले, काहींचे पैसेही मिळाले. मग समजलं की मार्ग बदलणार. शेजाऱ्यांनी रक्कम घेऊन घर बांधलं, आम्ही अजून अधांतरी. विहीर खोदावी की नको तेही ठरत नाही. मुलगा म्हणतो बुलेट ट्रेनला पैसा आहे आणि आपल्या गाडीला नाही. काका, गाडी येणार का?
— एक शेतकरी भगिनी, आंबेगाव तालुका

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाकीच्यांशी वाद घालायला मजा येते, तुमच्या पत्राला उत्तर देताना येत नाही.

पुणे आणि नाशिक, दोन्हीकडे रेल्वे एकोणिसाव्या शतकात आली. अजून दोघांना जोडणारा सरळ रूळ नाही. गाडीने जायचं तर कल्याणवरून घाट उतरा आणि पुन्हा घाट चढा, नाहीतर दौंड-मनमाड असा वळसा घाला. म्हणून सगळं ओझं एका रस्त्यावर. चाकणच्या चौकात एसटीत बसून कांद्याच्या ट्रकांच्या ओळी मोजत बसायचं, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

ठरलेला मार्ग साधारण 235 किलोमीटरचा होता : हडपसर, आळंदी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळे, संगमनेर, सिन्नर, नाशिक. वेग ताशी 200, म्हणजे बुलेट नव्हे, सेमी हायस्पीड. अंदाज 16,000 कोटींचा. किलोमीटरला 68 कोटी, म्हणजे बुलेट ट्रेनच्या मूळ अंदाजाच्याही एक तृतीयांश. आणि ही प्रवासी आणि माल, दोन्ही वाहू शकणारी लाइन. तुमच्या बटाट्याला, नारायणगावच्या टोमॅटोला आणि चाकणच्या मोटारींना बुलेट ट्रेनचा उपयोग शून्य, या लाइनचा सगळा.

अडलं ते नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी, म्हणजे जीएमआरटीपाशी. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी ऐकतात. विजेवरची गाडी धावली की वरच्या तारेपाशी ठिणग्या उडतात आणि त्यातून रेडिओ गोंगाट होतो. तुमच्या घरात मिक्सर लावल्यावर जुना रेडिओ खरखरायचा ना, तेच. त्या दुर्बिणीचं म्हणणं खोटं नाही. जगभरचे शास्त्रज्ञ तिथे वेळ मागतात, आणि ती एकदा आंधळी झाली की दुसरीकडे नेता येत नाही. रूळ वळवता येतो. माझा राग मार्ग बदलण्यावर नाहीच. ती दुर्बीण 1990च्या दशकापासून तिथे उभी आहे, डोंगरावरून दिसते. मोजणीचे दगड रोवायच्या आधी ती दिसायला हवी होती. दगड रोवून झाल्यावर दिसली, आणि मग अहिल्यानगर-शिर्डीकडून जाण्याची भाषा सुरू झाली. तिकडून गेली तर नाशिकला जाणाऱ्याला वळसा, आणि मंचर-नारायणगाव-संगमनेरला काहीच नाही. लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही.

माझं मत विचाराल तर दुर्बिणीच्या टापूपुरता वळसा घ्यावा आणि बाकी मार्ग तुमच्याच बाजूने ठेवावा. खर्च वाढेल. पण रोज चाकणला सडणाऱ्या तासांचा हिशेब कुणी अर्थसंकल्पात मांडत नाही, तो मांडला तर वाढलेला खर्च मला फार वाटत नाही.

तुमच्या विहिरीचं. मोजणी झाली म्हणजे जमीन गेली असं नाही. गटवार यादीत तुमचा गट अजून आहे का हे जमीन घेणाऱ्या कार्यालयाकडून लेखी मागा, तोंडी उत्तरावर थांबू नका. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काही नोंद चढली आहे का ते तलाठ्याकडे बघा. नसेल तर खोदा विहीर. पाणी लागलं तर पुढे मोबदलाही विहिरीसकट ठरतो. खोदाईची पावती आणि फोटो तारखेसह जपून ठेवा. आणि मुलाला सांगा, दोन्ही गाड्यांचा पैसा एका पेटीतला नाही, पण त्याचं म्हणणं मनाला पटण्यासारखं आहे.

प्रश्न : काका, मी सीओईपीत शिकतो. तुम्ही जुन्या रुळांच्या प्रेमात आहात. पुणे-मुंबई हायपरलूप 25 मिनिटांत होणार होतं, ते का विसरलात?

विसरलो नाही रे बाळा. हवा काढलेल्या नळीतून माणसांचा डबा सोडायचा, ते हायपरलूप. 2018 साली एका अमेरिकी कंपनीशी करार झाला, 2019ला राज्य सरकारने त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जाही दिला. आमच्या कट्ट्यावर एकाने घर गहुंज्याला घ्यायचं ठरवलं होतं, तिकडून ‘लूप’ जवळ पडेल म्हणून. 2023च्या अखेरीला ती कंपनीच बंद झाली. गहुंज्याचं घर मात्र झालं, आणि तो रोज एक्स्प्रेसवेच्या आवाजात झोपतो.

तू चिडशील, पण एक विचार कर. त्या डब्यात माणसं किती बसणार होती? पंचवीस-तीस. सिंहगडच्या एका डब्यात सकाळी शंभराच्या वर असतात, आणि डबे पंधराच्या वर. तीस माणसांचा डबा किती सेकंदांना एक सोडला तर एका सिंहगडची बरोबरी होईल, हे गणित तू मला करून पाठव. जमलं तर पुढच्या अंकात छापतो.

प्रश्न : बुलेट ट्रेन आली तर डेक्कन क्वीन बंद होईल का? माझ्या वडिलांनी 1950च्या सुमारास तिने प्रवास केला होता. आणि एक खासगी प्रश्न, तुम्ही स्वतः बुलेट ट्रेनने जाल का?
— प्रभात रोड

डेक्कन क्वीन 1 जून 1930ला सुरू झाली. एक्स्प्रेसवे 2002मध्ये पूर्ण झाला, तेव्हाही लोक म्हणाले होते की संपली आता. मी स्वतः तेव्हा लोणावळ्याच्या ऑफिसात बसून पैज लावली होती की टोल भरून रस्त्याने कुणी जाणार नाही. दोन्ही बाजू हरल्या. रस्ता भरला, क्वीनही भरलेलीच आहे. जुना रूळ मोकळा झाला तर तिचा उलट जीव वाचेल, असं माझं गणित. टेबलखुर्चीचा डायनिंग कार बुलेट ट्रेनला असणार नाही. पाऊण तासात कटलेट येईपर्यंत बीकेसी यायचं.

मी जाईन का? तिकीट किती ते आधी सांगा. रेल्वेच्या निवृत्त माणसाला पास फुकट असतो, आणि चौतीस वर्षांची सवय एकदम सुटत नाही. पण नातू परवा फोनवर म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही दुपारी येता, तोपर्यंत माझी मॅच संपलेली असते.’ त्याची मॅच सकाळी नऊला असते. तेव्हा एखादं तिकीट काढीनही.